गाण्यांचं चालू खातं

"पूर्वीसारखी गाणी राहिली नाहीत हो!" हे वाक्य आजोबांनी वडिलांना ऐकवलं, वडिलांनी मला, आणि वयाप्रमाणे आता माझा नंबर लागला आहे. पण मी पडलो बँकेतला माणूस. बाबूजी, लताबाई, आशाबाई ही आमची मुदत ठेव. ती मोडायची नाही. परंतु रोजच्या उलाढालीला चालू खातं लागतं, एवढं तरी बी.कॉम.ला शिकवतात.

त्यातून मी राहतो मानपाड्याला. मानपाडे दोन. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्याला, दुसरा डोंबिवलीत. पाहुणा हमखास नको त्या मानपाड्यात उतरतो आणि तिथून फोन करतो. मात्र लग्नसराईत दोन्हीकडे गाणी तीच. त्यामुळे नवी गाणी ऐकावीत की नाही, हा प्रश्न आम्हाला पडतच नाही. ती ऐकू येतात! प्रश्न एवढाच, की जमेला कोणती धरायची?

मागील शिल्लक दोन गाण्यांची. १९९८ चा 'गारवा'. मिलिंद इंगळे गातात, सौमित्र मधे मधे कविता म्हणतात आणि बाहेर ऊन असलं तरी माणूस छत्री शोधतो. मग २००२ चं 'ऐका दाजीबा'. आवाज वैशाली सामंतचा, संगीत अवधूत गुप्तेचं. त्यानंतर कित्येक वरातींत घोड्याला रस्ता नसला तरी चालायचं, हे गाणं हवं असायचं.

आता नवी जमा. २०२४ चं 'गुलाबी साडी'. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने लिहिलं आणि गायलंही त्यानेच. ना सिनेमा, ना मोठा बॅनर, तरी देशभर पोरंबाळं त्यावर नाचली. आमच्या सौ.नी ते शांतपणे ऐकलं आणि त्यातला साडीचा मुद्दा तेवढा पुढील कार्यवाहीसाठी ठेवून घेतला.

त्याच वर्षीचं 'तांबडी चामडी'. क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचं. परदेशी हाऊस संगीताचा ठेका, शब्द अस्सल मराठी, आणि प्रसिद्ध केलं स्पिनिन या डच कंपनीने. ठेका आमच्या पासबुक छापायच्या यंत्रासारखा, न थकता एकसारखा. पण कन्येने विचारलं, "बाबा, तांबडी म्हणजे रेड ना? मग लाल का नाही म्हणत?" ती इंग्रजी शाळेतली. एकोणसाठ आणि एकोणसत्तर तिच्या लेखी जुळी भावंडं. मग तांबडं फुटणं निघालं, तांबडी माती निघाली, तांबडा रस्सा निघाला. आमच्या घरात इतकं मराठी एका बैठकीत पूर्वी कधी बोललं गेलं नव्हतं.

तिसरं जरा गंभीर. २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट'. 'स्वदेसी' या रॅपवाल्या मंडळींनी आरेतल्या प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन केलेलं. जंगल आणि जमीन हातची जाणाऱ्या माणसांचं गाणं. हे नाचायला नाही, ऐकायला.

ते ऐकलं की मला आमच्या काउंटरवर येणारे एक आगरी आजोबा आठवतात. आज जिथे आमची सोसायटी आहे, तसल्याच एका जागी त्यांचं भाताचं खाचर होतं. मी एकदा सहज विचारलं, "आजोबा, आता काय उरलं हो गावाचं?" ते म्हणाले, "शेत इकला साहेब. गानी नाय इकली."

त्यांच्याकडच्या लग्नात धवलारीण धवला गाते. विधी लावते तीच, गातेही तीच. सगळं तोंडपाठ, वहीत काही नाही. हल्ली डीजेवाला तारा जोडेपर्यंत तिला वेळ मिळतो. आमच्या कन्येने परवा एका हळदीत तिचं गाणं मोबाइलवर उतरवून घेतलं आणि घरी येऊन सात शब्दांचे अर्थ विचारले. मला तीन आले. बाकीचे विचारायला ती आजोबांकडे जाणार आहे.

बँकेत एखाद्या ठेवीची दहा वर्षं कोणी चौकशी केली नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पुढे वारस उगवला तर पैसे परतही मिळतात. धवल्याला ही सोय नाही. तेव्हा 'गुलाबी साडी' जरूर ऐका, पण डीजे सुरू व्हायच्या आत हळदीला पोहोचा.