जिनाचं धुराडं

मंडळी, अकोल्याला नाहीतर अमरावतीला बाजाराला गेलात आणि एखाद्या जुन्या जिनाचं धुराडं अजून उभं दिसलं, तर घटकाभर थांबा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. पुढं रुळांच्या आसपास वाफेवर चालणारे जिन-प्रेस उभे राहिले.

धुराडं गोल असतं, कारण गोल अंगावरून वारा सहज निसटतो. बुडाशी जाड, वर निमुळतं. उंची मात्र नुसती धूर वर सोडायला नव्हे. आतली गरम हवा वर चढते आणि खालून भट्टीत ताजी हवा खेचते. आपल्या चुलीला फुंकणी, तसं बॉयलरला धुराडं!

विजेच्या मोटारी आल्या, बॉयलर विझले. नोकरीच्या सुरुवातीला एक धुराडं विटांसाठी उतरवताना मी पाहिलं. शेजारी उभे म्हातारबुवा म्हणाले, "साहेब, हे दुरून दिसलं की माह्या आज्याचे बैल आपसूक पाय उचलत."

इंग्लंडात नॉर्थम्प्टनला लिफ्टची चाचणी घेण्यासाठी बांधलेला १२७ मीटर उंच काँक्रीटचा मनोरा आहे. तो १९८२ साली सुरू झाला आणि १९९७ साली संरक्षित वास्तूंच्या यादीत गेला. अवघ्या पंधरा वर्षांचा! आपली धुराडी त्याच्या आजोबांच्या वयाची.

तुमच्या गावाजवळ असं धुराडं असेल, तर त्या जिनात कापसाची बंडी नेलेल्या म्हाताऱ्यांना गाठा. कुणी बांधलं, भोंगा कधी वाजे, सारं वहीत उतरवून ठेवा.