मढला शूटिंग आहे, थिएटर नाही

आमच्या मढची गंमत बघा. एरंगळच्या वाळूवर, जुन्या बंगल्यांत, रोज कुठलं ना कुठलं शूटिंग चालू असतं. पण सिनेमा बघायचा तर २७१ नंबरची बस पकडून मालाड गाठा, नाहीतर बोटीनं खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरा.

लहानपणी आम्ही बोटीनंच जायचो. शेवटची मारामारी सुरू झाली की बाबा घड्याळ बघायचे. बोट चुकली तर मालाड, मार्वे रोड असा अख्खा वळसा पडायचा. कित्येक सिनेमांचा शेवट मला शाळेतल्या पोरांनी सांगितलाय.

आपल्या मालाडचं सिनेमाशी नातं तर फार जुनं. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी इथेच बॉम्बे टॉकीज उभी केली. ‘अछूत कन्या’ (१९३६) तिथला. दिलीपकुमार पहिल्यांदा पडद्यावर आले तो ‘ज्वार भाटा’ (१९४४) पण तिथलाच. १९५४ च्या सुमारास स्टुडिओ बंद पडला. आज त्या कंपाउंडात छोटे कारखाने आहेत. नाव तेवढं उरलंय.

आता तीच पाळी थिएटरांवर आलीय. जुहूचं चंदन २०१७ ला बंद झालं. बांद्र्याची १९७२ ची गेटी-गॅलेक्सी अजून स्वस्त तिकिटावर तग धरून आहे, पण अशी किती राहिली?

‘लोकच मोबाईलवर बघतात’ हे अर्धंच खरं. २००१ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना पहिली ३ वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला, पुढची २ वर्षं फक्त पाव भाग भरायचा. कोपऱ्यावरच्या जुन्या थिएटरला ही सवलत नव्हती. एकाला ढकलगाडी दिली, दुसऱ्याला म्हणाले, पळ!

थिएटर मालकांचंही दुखणं आहे. जागेला सोन्याचा भाव आणि दुपारच्या शोला वीस डोकी. रोज तोटा कोण सोसणार? पण मुंबईच्या विकास नियमांत एक अट आहे. थिएटर पाडून इमारत बांधायची तर जुन्या आसनांच्या किमान एक तृतीयांश क्षमतेचं थिएटर नव्या इमारतीत ठेवायचं. ही अटच काढा, अशी मालकांची जुनी मागणी आहे.

मला वाटतं अट राहावी, आणि सोबत मालकाला करात सवलतही मिळावी. नुसती अट घातली तर थिएटर वर्षानुवर्षं कुलूप लावून पडून राहतं. नुसती सूट दिली तर तिथे शोरूम येतं. आणि नवं थिएटर झालं तरी तिथलं तिकीट मच्छी विकणाऱ्या मावशीला, रिक्षावाल्याला परवडलं पाहिजे. नाहीतर ते आपलं कसलं?

तेव्हा मंडळी, तुमच्या नाक्यावरच्या बंद थिएटरला पत्रे लागले, बिल्डरचा बोर्ड लागला, की हळहळीची पोस्ट नंतर टाका. आधी वॉर्ड ऑफिसात जाऊन एवढंच विचारा, मंजूर नकाशात थिएटर आहे का, आणि खुर्च्या किती?