फॉरमॅट मारण्याआधी

"दादा, लय हँग होतोय, फॉरमॅट मारून द्या आणि रॅम वाढवा." केडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं. मुरलेला कारागीर आधी विचारतो, "टॅलीचा डेटा कुठंय?" 'सगळं डी ड्राइव्हला आहे' हे उत्तर तो ऐकून घेतो आणि डेस्कटॉप उघडतो. तिथे ऊसबिलांच्या एक्सेल फाइली, सातबारे आणि लग्नाचे फोटो पडलेले असतात. डेस्कटॉप बहुधा सी ड्राइव्हमध्येच असतो, आणि फॉरमॅट होतो तो सीच!

रॅमचं काम त्या मानाने सरळ. बॅटरीची जोडणी सोडवून दोन्ही क्लिपा बाजूला केल्या की पट्टी तिरपी वर येते. नवी तशीच तिरपी खोचून खाली दाबायची. डीडीआर३ची पट्टी २०४ पिनांची, डीडीआर४ची २६०. खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. मात्र ८ जीबी टाकून विंडोज ३२ बिटचंच ठेवलं, तर ४ जीबीच्या वरचे पैसे पाण्यात. खरं तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली, तर फरक रॅमपेक्षाही जास्त जाणवतो.

विंडोज कोणतं टाकायचं, हा नवा पेच. विंडोज १०चा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप. सहाव्या पिढीचा धडधाकट लॅपटॉप या नियमात बसत नाही. नुसतं इंटरनेट आणि पत्रव्यवहार असेल तर लिनक्स मिंट उत्तम. टॅलीवाल्याच्या गळी ते उतरवणं अवघड.

खरा घोळ मराठीचा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात केलेली लग्नपत्रिका नव्या विंडोजवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल शाबूत असते. फॉन्ट सी ड्राइव्हबरोबर पुसला गेलेला असतो. याच केडगावात मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनी पंडिता रमाबाईंच्या मराठी बायबलाचे खिळे हातांनी जुळवले. रमाबाई १९२२ साली गेल्या, बायबल १९२४ साली बाहेर आलं. ते खिळे डोळ्यांना दिसत होते. इथे ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये दडलेले, म्हणून जाणता कारागीर आधी तोच कॉपी करतो.

लॅपटॉप परत देताना तो गिऱ्हाइकासमोर एखादी जुनी पत्रिका उघडून दाखवतो. एसएसडी टाकली असेल, तर काढलेली हार्ड डिस्क न पुसता पिशवीत घालून हातात देतो. महिनाभराने कुणाला तरी जीएसटीची एखादी फाइल आठवतेच.