माथ्यावरचं नाव

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे अशा माणसांत एक फ्रेंच माणूस निघतो. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. त्याने हिवरा आश्रमाचं नाव ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही, आणि आमच्या मावशीच्या ओव्या त्याच्यामुळे वाचल्या हे त्याला सांगायला गेलं तर ओवी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल. क्रिस्तोफ ग्रेनिए हे त्याचं नाव. दुसरा माणूस मेहकरचा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यानेच नको म्हणून सांगितलं आहे.

आमचं गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते विवेकानंद आश्रमामुळे. शुकदास महाराजांनी तो १९६५ साली उभारला. २०१७ मध्ये महाराज गेले, पण त्याआधीची कित्येक वर्षं त्यांच्याकडे औषधाला येणाऱ्यांची रीघ असायची. वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश, कुठून कुठून माणसं यायची. जानेवारीत विवेकानंद जयंतीचा उत्सव झाला की उघड्या रानात पंगती बसतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी आणि वांग्याची भाजी येते आणि लाखांनी माणसं जेवून उठतात. या गर्दीच्या कडेला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. मराठी टायपिंगची तीस आणि चाळीसची परीक्षा पास झालेला मी. टाइपरायटर गेले तेव्हा संगणकावर आलो. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दहाव्याची पत्रं, यावर घर चालायचं.

मावशी लोणारकडच्या एका खेड्यातली. औषधासाठी आली की आमच्याकडेच उतरायची आणि बरी वाटली तरी लवकर जायची नाही. तिला जात्यावरच्या ओव्या आणि भुलाबाईची गाणी किती येत होती याचा अंदाज मला फार उशिरा आला. ती रिकाम्या दुपारी दुकानात बसायची, मी टाइप करायचो. पण नुसतं सांग म्हटलं तर तिला एक ओळ आठवायची नाही. गाताना थांबवलं तरी पुढची ओळ जायची. मग ती अख्खी ओवी गाऊन व्हायची, मी सुटलेल्या जागा तशाच ठेवायचो, आणि ती पुन्हा पहिल्यापासून गायची. असं करत करत बरीच पानं झाली. तिने स्वतः आधी कुणाकडून तरी लिहून घेतलेली एक वहीही होती; तिचं काय झालं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. फ्लॉप्यांवर एक प्रत होती, पण आमच्याकडच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते. मावशी गेली तेव्हा तिचं सगळं बोलणं माझ्या मशीनच्या ई ड्राइव्हमध्ये उरलं होतं.

इथे एक आडवळण घेतो. ओव्यांच्या बाबतीत मराठीवर एका फ्रेंच माणसाचं ऋण आधीपासून आहेच. गी पॉइटवाँ पुण्यात राहिले आणि हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २००४ साली ते गेले. माझ्या ई ड्राइव्हमधलं त्यापुढे काहीच नाही. पण त्यांच्या लाखात माझी मावशी नव्हती, आणि माझं भांडण तेवढ्यापुरतंच होतं.

एका वैशाखात वळवाच्या पावसाने वीज गेली, आली, गेली, पुन्हा आली. यूपीएसने तेवढ्यात दम सोडला. त्यानंतर मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर एकच ओळ यायची: ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड. विंडोजची सीडी घालून पाहिली. तिथे सी, डी, ई असं काही दिसेना. पुरी ८० जीबीची डिस्क ‘अनपार्टिशन्ड स्पेस’ म्हणून एकाच ओळीत उभी. गावातल्या जाणत्यांचा सल्ला एकच होता, फॉरमॅट मारून टाका, मशीन नव्यासारखं होईल. त्यांचं चूक नव्हतं. त्यांना मशीन दिसत होतं.

मेहकरला बालाजीच्या देवळाच्या बाजूला एका गल्लीत त्या पोराचं दुकान होतं. पोरगाच म्हणायचा, मिसरूड नुकतं फुटलेलं. शटरच्या आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, भिंतीला उघडे सीपीयू टेकवलेले. मी डिस्क टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न होता, “फॉरमॅट मारलं का कोनी?” नाही म्हटल्यावर तो खाली बसला. दुसरा प्रश्न, “विंडोज टाकून पाह्यलं?” तेही नाही. मग म्हणाला, “मंग काहून घाबरता काका? वावर कुठी गेलं नाही. बांध पुसले. मोजनी करू.”

मला धीर द्यायला बोलतोय असं वाटलं होतं. पण ते अक्षरशः खरं होतं, हे त्याने पुढच्या दोन तासांत दाखवलं.

डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. त्यातले पहिले ४४६ बाइट मशीनला पुढे काय करायचं ते सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी. त्यानंतरच्या ६४ बाइटांत विभागांच्या चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांची: कोणता विभाग कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे. शेवटचे दोन बाइट खुणेचे. ८० जीबीत काय कुठे आहे याचा पहिला पत्ता ६४ बाइटांत मावतो, हे ऐकून मी त्याला पुन्हा विचारलं होतं. चार नोंदी पुरत नाहीत म्हणून त्यातली एक ‘एक्स्टेंडेड’ करतात आणि तिच्या पोटात डी, ई वगैरे बसवतात. त्या प्रत्येकाची नोंद त्याच्या आधीच्या एका सेक्टरमध्ये, आणि तिथेच पुढच्याचा पत्ता. पहिल्या सेक्टरमधली नोंद गेली की या साखळीचं टोकच सापडत नाही. मशीनच्या लेखी सगळं रिकामं. मावशी मात्र होती तिथेच होती.

या पहिल्या सेक्टरवर माणसांनी मुद्दामही हल्ले केले आहेत. १९९१ मध्ये सापडलेला मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस तिथेच दबा धरून बसायचा आणि ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या वाढदिवशी, मशीन सुरू केलं की डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकायचा. त्या काळात पुण्यात कैलास काटकर कॅलक्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करत होते. गिऱ्हाइकांच्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे, आणि धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्राम लिहायला घेतले. त्यातून पुढे क्विक हील उभं राहिलं. रहिमतपूरची ही भावंडं. मेहकरच्या त्या पोराने भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी त्यांच्याविषयीच्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं होतं. मला ते आवडलं. दुरुस्तीच्या टेबलावर हात काळे केलेल्यांचा फोटो लावणारं दुकान मला भरवशाचं वाटतं.

तर मोजणी. आधी त्याने माझ्या डिस्कवर काहीही लिहायला साफ नकार दिला. लिनक्सच्या सीडीवरून मशीन सुरू केलं, दुसरी तेवढीच मोठी डिस्क लावली आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने एकूण एक सेक्टर तिकडे उतरवून घेतला. हा प्रोग्राम शहाण्यासारखा वागतो. जिथे वाचताना अडकतो ती जागा सोडून पुढे जातो, चांगला भाग आधी पदरात पाडून घेतो आणि मग अडलेल्या जागांकडे परत येतो. माझी मूळ डिस्क काढून त्याने कागदात गुंडाळली, वर पेनने ‘काका – हात लावू नये’ लिहिलं आणि फळीवर ठेवली. पुढचं सगळं काम प्रतीवर झालं.

मग टेस्टडिस्क. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचं काम नाही, फक्त बाणांच्या कळा आणि एंटर. तो ‘क्विक सर्च’ने सुरुवात करतो, त्यात भागलं नाही तर ‘डीपर सर्च’. डिस्कच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालत जातो आणि एखाद्या विभागाचं तोंड कुठे दिसतं का ते पाहतो, कारण प्रत्येक विभागाच्या पहिल्या सेक्टरमध्ये आपण कोण आणि किती मोठे हे लिहिलेलं असतं. तेही बिघडलं असेल तर? एनटीएफएस पद्धतीत त्या सेक्टरची आणखी एक प्रत विभागाच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. माझा ई ड्राइव्ह त्या शेवटच्या प्रतीवरून सापडला. पडद्यावर खाली टक्के सरकत होते आणि मी वर पाहत होतो, कारण वर प्रत्येक पानावर एकच नाव होतं, क्रिस्तोफ ग्रेनिए. आधी मला ते कंपनीचं नाव वाटलं. पोराने सांगितलं, माणूस आहे. फ्रान्समधला. १९९८ पासून हा प्रोग्राम फुकट देतो, आतला मजकूरसुद्धा उघडा, कुणीही पाहावा, बदलावा, वाटावा.

तीन ओळी आल्या, हिरव्या. तिसरीवर बाण ठेवून त्याने पी ही कळ दाबली. फाइलींची यादी उघडली, आणि त्यात ‘मावशी’ होती.

त्याने लगेच ‘राइट’ केलं नाही. आधी तो फोल्डर वेगळा उतरवून घेतला, मग नोंदी लिहिल्या. घाईत असलेल्या माणसाला हा क्रम सुचत नाही. पैसे विचारले तर नव्या डिस्कचे तेवढे सांगितले. मजुरीचं म्हटल्यावर हात झटकले. “मी काय केलं? एंटर दाबला. ज्यानं केलं त्याचं नाव वर लिहेल आहे.” मी जास्तच आग्रह धरला तेव्हा म्हणाला, “तुमच्या गावी जेवून आलो ना मी ट्रॅक्टरवरची भाजी. तिथं कुठं कोनाले पैसे देल्ले?” यावर मला काही बोलता आलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. घरी येऊन फाइल उघडली तर पानभर उलटीसुलटी रोमन अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेली, मध्येच पौंडाची खूण. डिस्क वाचली, मावशी वाचता येईना. कारण जुनं होतं. मी तेव्हा सी-डॅकच्या आयएसएममध्ये, डीव्हीबी-टीटीसुरेख या फॉन्टमध्ये टाइप करायचो. त्या फाइलीत मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलंच नसतं. काने, वेलांट्या, अर्धे तुकडे, रफार अशा आकृत्यांचे नंबर असतात, आणि त्या नंबरांना मराठी रूप देणारा नेमका तोच फॉन्ट मशीनवर लागतो. सी ड्राइव्ह सापडला असला तरी त्यातली विंडोज नीट उठत नव्हती आणि नव्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. वर्तमानपत्रांची, छापखान्यांची, सरकारी कचेऱ्यांची किती पानं अशी आहेत, असून नसल्यासारखी. मराठी युनिकोडमध्ये आणण्याचं काम अजून पुरं झालेलं नाही आणि त्याची कुणाला फार घाई दिसत नाही.

फॉन्ट मिळाला चिखलीला, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे. त्यांनी जुनं मशीन केवळ त्या फॉन्टसाठी जिवंत ठेवलं होतं. फाइल उघडली, त्यांनी चष्मा वर केला, पहिली ओवी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, “ही आमच्या आईच्या तोंडी होती.” तिथून ती युनिकोडमध्ये उतरवली. उतरवणाऱ्या प्रोग्रामने रफार एकेक घर सरकवले, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षराला दिल्या, कारण जुन्या फॉन्टात ती वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडात ती नंतर येते. ते निस्तरायला मला पुढचा पावसाळा लागला. फॉन्टचे पैसे त्या गृहस्थांनीही घेतले नाहीत. मी मनातल्या यादीत त्यांना तिसरे धरले.

फेडायचं म्हणून मी एवढंच करू शकलो: टेस्टडिस्क कसं वापरायचं, काय करायचं नाही, आधी प्रत का काढायची, हे मराठीत लिहून काढलं. इंग्रजी शब्द पडद्यावर जसे दिसतात तसेच ठेवले, नाहीतर माणूस गोंधळतो. मेहकरच्या दुकानात त्याच्या झेरॉक्स ठेवलेल्या असायच्या. पोराने त्यावर माझं नाव लिहिलं होतं. मी ते खोडायला लावून ग्रेनिए यांचं लिहवलं. पुढे तो नोकरी लागून संभाजीनगरला गेला आणि गल्लीत आता मोबाइलच्या काचा बदलतात.

एक फाइल मात्र फुटकी निघाली. भुलाबाईच्या गाण्यांची. अर्ध्यावर मजकूर संपतो आणि पुढे दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नपत्रिकेचे तुकडे लागतात. त्यावर कुणाचाच प्रोग्राम चालणार नव्हता. मग मी मावशीच्या गावी गेलो. तिच्या बरोबरीची एक आजी अजून हिंडती-फिरती होती. ओसरीवर बसून माझ्या कागदावरचं अर्धं गाणं तिला वाचून दाखवलं आणि पुढचं सांग म्हणालो. तिने मान हलवली.

“तुही मावशी हे उलटंच म्हने. आधीची जाऊ मंग नणंद. आमी असं कधी म्हनलंच नाही.”

मग तिने पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

“लिहून घेतो ना? खाली माह्यं नाव टाक. तुह्या मावशीचं नको टाकू.”