पेन्सिलीनं लिहिलेला आकडा

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करताना माळ्यावरून जुना पीसी एक्सटी खाली काढला. बायकोनं विचारलं, "आता तरी हे भंगारात जाणार का?" उत्तर टाळायला मी तो सुरूच केला. (झाला की सुरू! जरा जळका वास आला, पण असो.)

८०८८ प्रोसेसर, ४.७७ मेगाहर्ट्झ, ६४० केबी मेमरी. बाबांच्या ऑफिसनं गाशा गुंडाळला तेव्हा त्यांनी तो किलोच्या भावात घरी आणला होता. हार्डडिस्क तेव्हाच गेलेली. २००३ साली मी त्यावर फ्लॉपीवरून मिनिक्स चालवलं.

मिनिक्स म्हणजे अँड्र्यू टॅनेनबॉम यांचं १९८७ सालचं छोटं युनिक्स. १९७९ च्या सातव्या युनिक्सचा सोर्स वर्गात शिकवायला परवान्यानं बंदी घातली, तर या प्राध्यापकांनी शिकवण्यासाठी अख्खी सिस्टिमच नव्यानं लिहिली! रूट फाइल सिस्टिम रॅममध्ये, बाकी सगळं फ्लॉपीवर. कम्पाइलला लावायचं आणि चहा टाकायला उठायचं.

माझी खरी जिरवली ती 'चेमेम' नावाच्या कमांडनं. या प्रोसेसरला मेमरीचं संरक्षण नाही आणि त्या मिनिक्सला स्वॅपिंग नाही. प्रोग्रॅम सुरू होताना जेवढी जागा मिळाली तेवढीच. मध्येच वाढवून मिळत नाही. किती द्यायची ते चेमेमनं आपण आधीच ठरवायचं. कमी दिली तर स्टॅक डेटावर चढतो आणि प्रोग्रॅम भलतंच काहीतरी करतो. जास्त दिली तर दुसऱ्याला उरत नाही. मी पोटासाठी जावा लिहिणारा माणूस. आपला प्रोग्रॅम किती खातो हे उभ्या जन्मात मोजलं नव्हतं.

बाबा मागे बसून बघत होते. त्यांना युनिक्सचं काय सोयरसुतक! पण म्हणाले, "अरे, ही तर पेटी कॅश. आधी खर्च मांड, मग रक्कम माग." आणि वही घेऊन बसलेच. मी आकडा बदलायचा, प्रोग्रॅम चालवायचा. ते लिहून ठेवायचे. आठवडाभर रोज रात्री. त्याआधी आम्ही दोघांनी मिळून एखादं काम केल्याचं मला आठवत नाही. नंतरही नाही.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. वही कुठे गेली कोण जाणे.

परवा ती फ्लॉपी तीनदा घालून पाहिली. ड्राइव्ह नुसता करकरला, वाचलं काहीच नाही. लेबलवर मात्र बाबांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय : सॉर्ट, ८१९२.

मशीन द्यायला मी हो म्हटलं. फ्लॉपी काढून घेतली.