दहा सेकंदांचा डेमो

२०१२ च्या सुमारास मी के. आर. पुरमला राहायचो आणि व्हाइटफील्डच्या एका कंपनीत क्लस्टर फाइल सर्व्हरवर काम करायचो. चार सर्व्हर, चौघांकडून त्याच फाइली उघडायच्या. एक पडला की त्याचा आयपी दुसऱ्याने उचलायचा. ग्राहकाची तक्रार एकच होती: असं झालं की आमचे प्रोग्रॅम दीड मिनिट गप्प बसतात.

ते दीड मिनिट म्हणजे एनएफएस ४ चा ग्रेस पीरियड. नव्याने उठलेल्या सर्व्हरला कुठलं लॉक कुणाकडे होतं ते ठाऊक नसतं. म्हणून तो जुन्या मालकांना आपापली लॉक परत मागायला वेळ देतो आणि तोवर नवं लॉक कुणालाच देत नाही. लिनक्सवर हा वेळ मुळात ९० सेकंद, म्हणजे लीजच्या मुदतीइतका. कारण निवांत बसलेला क्लायंट लीज वाढवायला येतो तेव्हाच त्याला कळतं की पलीकडचा सर्व्हर बदललाय. २००३ च्या आरएफसी ३५३० मध्ये हे लिहिलेलं आहे आणि मी ते वाचलेलं होतं. तरी ग्रेस १० सेकंदांवर आणला, लीज ९० वरच ठेवली. डेमो झकास झाला. शाबासकी मिळाली, ती घेतली.

पुढे ग्राहकाच्या हिशेबाच्या फाइलमधल्या नोंदी गायब होऊ लागल्या. मी आधी त्यांच्याच प्रोग्रॅमवर बोट ठेवलं. पॉझिक्स लॉकची एक खोड जगजाहीर आहे: त्याच प्रोसेसने ती फाइल दुसरीकडे उघडून नुसती बंद केली, तरी तिची त्या फाइलवरची सगळी लॉक सुटतात. तुमचं तसंच होत असणार, असा लांबलचक ईमेल धाडला. बिचाऱ्यांनी सगळा कोड चाळला. काही निघालं नाही.

शेवटी आमच्यातल्या एका ज्युनिअर मुलीने पॅकेट कॅप्चर माझ्यापुढे ठेवलं. ग्रेस संपताच दुसऱ्या क्लायंटने लॉक घेतलं, लिहिलं, सोडलं. मग पहिला जागा झाला. त्या काळचा लिनक्स क्लायंट गमावलेलं लॉक निमूट पुन्हा घ्यायचा, जणू मध्ये काही घडलंच नाही. २०१३ च्या अखेरीस आलेल्या ३.१२ कर्नलमध्ये ते थांबलं. आमच्या क्लायंटने आपल्याकडची जुनी प्रत वर लिहून टाकली होती.

"सर, ग्रेस किती ठेवलाय?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

ग्रेस परत ९० केला आणि प्रकरण मिटलं असं जाहीर करून टाकलं. ही घाई पहिलीपेक्षा वाईट. ग्रेस सुरू व्हायचा तो फक्त आयपी उचलणाऱ्या सर्व्हरवर. उरलेले दोघे त्याच फाइलवर खुशाल नवी लॉक वाटत होते. चाचणीत मी दोन्ही क्लायंट कायम एकाच सर्व्हरला जोडायचो, कारण स्क्रिप्ट तशी होती आणि ती मीच लिहिलेली. फाइल पुन्हा बिघडल्याचा फोन आला तेव्हा मी हँगिंग ब्रिजच्या कोंडीत होतो. टिन फॅक्टरी येईपर्यंत ऐकून घेण्याखेरीज काही करता येत नव्हतं, आणि खरं तर तेच आधी करायला हवं होतं.

त्यांनी रात्रीच्या बॅकअपवरून फाइल उभी केली. दिवसभराच्या नोंदी हिशेबनीसांनी पावत्या समोर ठेवून हाताने भरल्या. करार पुढे वाढला नाही.

चारही सर्व्हर एकदम ग्रेसमध्ये जातील असा बदल केल्यावर दुसऱ्या एका ग्राहकापुढे डेमो होता. पडदा थबकला. त्यांच्या माणसाने विचारलं, "अडकलं का?"

"हो," मी म्हटलं, "मुद्दाम."