किडनी आणि गळ्यातली ग्रंथी

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाकडे, ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचे औषध पिऊन वीसहून अधिक लेकरे किडनी निकामी होऊन दगावली. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष ४८ टक्क्यांहून अधिक निघाले. तेव्हापासून लोधीखेड्यातही किडनीचे नाव काढले की पालक धास्तावतात. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, आमच्या तोंडी ‘गुर्दा’च येतो.) परंतु किडनीचे काही आजार असे एकाएकी येत नाहीत, वर्षानुवर्षे चालतात. त्यांविषयी आज लिहीत आहोत.

आपल्या शाळेत असा एक विद्यार्थी आहे. सकाळी त्याचे डोळे सुजत, लघवीतून प्रथिने जात. नागपूरला उपचार सुरू झाले, सूज उतरली. तरी तो वर्गात पेंगायचा, सर्वांआधी स्वेटर घालायचा, उंचीही वाढेना. कोणी म्हणे आळशी आहे, आजी म्हणे औषधाची गुंगी आहे. शेवटी डॉक्टरांनी रक्ताची टीएसएच तपासणी करविली, तेव्हा थायरॉईड मंद असल्याचे कळले.

गळ्यातल्या ग्रंथीचा किडनीशी काय संबंध, असे आईने आम्हाला विचारले. थायरॉईडचा रस रक्तात प्रथिनांना चिकटून फिरतो. किडनीतून प्रथिने गळू लागली की त्यांच्यासोबत तोही वाहून जातो. शिवाय शरीरातले जास्तीचे आयोडीन किडनीच बाहेर टाकते. ती थकली की आयोडीन साचते आणि त्यानेही ग्रंथी मंदावू शकते. थकवा, फिकेपणा, खुंटलेली वाढ ही लक्षणे दोन्ही आजारांत असतात, म्हणून दुसरा आजार पहिल्याच्या आड लपून राहतो. लहान वयात याचा परिणाम उंचीवर आणि अभ्यासावर होतो. तेव्हा अशा मुलाची थायरॉईड तपासणी झाली आहे का, हे पालकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे.

मिठाबद्दलही सांगितले पाहिजे. मीठ कमी करा म्हटले की घरोघरी सैंधव येते. त्यात सोडियम जवळपास तेवढेच असते, आयोडीन मात्र घातलेले नसते. ‘कमी सोडियम’ मिठात पोटॅशियम असते, आणि ते साचले तर हृदयाला धोका होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ बदलू नये.

तो विद्यार्थी थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतो. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर घ्यायच्या असतात, म्हणून त्यांची डबी वर्गशिक्षिकेकडे ठेवली आहे. पुढील सत्रापासून सर्व विद्यार्थ्यांची उंची व वजन वर्षातून दोनदा मोजले जाईल. नोंदीचे कार्ड घरी येईल, ते पाहून सही करून परत पाठवावे, ही विनंती.